ब्रेकच्या भांड्यातलं करडीचं तेल

जीप सरकारची होती, पण ती आमच्या दारापुढच्या लिंबाखाली उभी राहायची, म्हणून आई तिला घरातलीच समजायची. वडील उस्मानाबादला जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याला तेव्हा दोनएक वर्षं झाली असतील. दवाखाना आणि आमचं क्वार्टर एकाच आवारात. त्या वर्षी बुळकांडीची लस टोचण्यासाठी वडील ईट, अणदूर, जळकोट अशा गावांना सारखे फिरतीवर असायचे. बरोबर लस ठेवायची बर्फाची पेटी, जीप आणि चाचा.

चाचा म्हणजे जीपचे ड्रायव्हर. निजामाच्या काळापासून सरकारी गाड्यांवर होते. त्यांचं सर्व्हिस बुक उर्दूत होतं, ते वाचणारं माणूस आता ऑफिसात एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे चाचा स्वतः. जीपही त्यांच्यासारखीच जुनी. लढाईत वापरून काढून टाकलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला, छताला ताडपत्री. पण चारही चाकांना जोर मिळायचा, त्यामुळे काळ्या रानातल्या चिखलात बैलगाड्या रुतून बसल्या तरी ती बाहेर यायची.

मी नुकतीच हैदराबादच्या मिशनच्या शाळेतून बोर्डिंग संपवून घरी आले होते. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. कुणी काही विचारलं की मी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. त्यामुळे लोकांना मी शिष्ट वाटायचे. मला ते कळायचं, आणि कळलं की मी आणखी गप्प व्हायचे. दुपारभर खिडकीत बसून आवारात काय चाललंय ते बघणं एवढंच मला चांगलं जमायचं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला तेल मिळतं. आईचं माहेर तुळजापूरचं, मास्तरांच्या घरातलं, आणि ही रीत तिनं तिथून आणलेली. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, आडाच्या रहाटाची कप्पी, वडिलांची खुरं कापायची हत्यारं, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि तेल. नुसतं बोट लावून भागायचं नाही. जिथं तेल ठेवायची जागा असेल, ती जागा त्या दिवशी भरलेली पाहिजे. रिकामी दिसली तर वर्षभर ते हत्यार घरावर रुसतं, असं आई म्हणायची.

त्या दिवशी सकाळी चाचांनी जीप धुतली आणि स्वतःच्या हातानं पुढच्या जाळीला झेंडूची माळ बांधली. हे ते दर वर्षी करायचे. नारळ फोडायचं काम मात्र दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. मग त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची लोखंडी पट्टी काढली. तिच्याखाली ब्रेकचं भांडं असतं. पायाखालचा दट्ट्या, म्हणजे ब्रेकचं पेडल, दाबला की त्या भांड्याखालच्या नळकांड्यातलं लिक्विड नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातं आणि चाकं धरतं. हे मला पुढं कळलं. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं की चाचांनी झाकण काढून आत पाहिलं, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि लिक्विडचा डबा आणायला गेले. डबा स्टोअरमध्ये होता, स्टोअरची किल्ली कंपाउंडरकडे, आणि कंपाउंडर नारळ फोडून आपल्या गावी गेलेला. चाचा मग जेवायला घरी गेले.

आई पूजेचं ताट घेऊन आली. मी तिच्या मागं तेलाची पितळी बुधली धरून.

"हे बघ, हे उघडं ठेवून गेले चाचा," आई वाकून म्हणाली. "आणि भांडं तर अर्धं रिकामं आहे. घाल तेल."

मी घातलं. करडीचं, घाण्याचं, त्याच आठवड्यात काढून आणलेलं. भांडं काठोकाठ भरलं, झाकण हातानं घट्ट पिळलं आणि पट्टीही जागेवर बसवली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. संध्याकाळी चाचा परत आले तेव्हा मी खिडकीत होते. सांगावं असं काही घडलंय हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी खाली उतरून त्यांच्याशी बोलले असते का, मला शंका आहे.

दसरा होऊन आठवडा झाला आणि जीप जड चालायला लागली. फिरतीवरून आली की चाकांच्या मधोमध हात लावू देत नसे, इतकी तापायची. जळकट वास यायचा. चाचा बादलीनं पाणी ओतायचे आणि वाफ निघायची. पायाखालचा दट्ट्या दगडासारखा कडक झालाय, दाबलेले ब्रेक सुटतच नाहीत, असं ते वडिलांना सांगत होते. मग एका रविवारी त्यांनी चाकांमागचे नट फिरवून ब्रेकच्या पट्ट्या ढिल्या केल्या. जीप हलकी चालू लागली. चाचा खूश झाले.

त्यानंतर चारपाच दिवसांनी आम्ही अणदूरहून परतत होतो. मी मावशीकडे राहायला गेले होते, मला घेऊन वडील निघाले होते. पुढं चाचा आणि वडील, मागं मी आणि लसीची पेटी. ओढ्याकडे जाणारा लांब उतार होता. खाली फरशीपुलावर कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी येत होती. चाचांनी पाय दाबला. मी मागून त्यांचा गुडघा पाहत होते, तो सरळ झाला, आणि सरळच राहिला. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला.

"साहेब, धरून बसा," एवढंच ते म्हणाले. सावकाश म्हणाले.

गिअर खाली पाडल्याचा मोठा कर्कश आवाज झाला, हँडब्रेक त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, आणि जीप रस्ता सोडून नुकत्याच पेरलेल्या रानात शिरली. बांधाला धडकून थांबली. वडिलांचा खांदा दुखावला, एक दिवा फुटला, आणि बर्फाची पेटी उपडी होऊन एका गावाच्या जनावरांची लस मातीत गेली. गाडीवान बैलं सोडून धावत आला. त्यानं चाचांना पाणी दिलं. चाचांचे हात स्थिर होते. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते.

वरच्या ऑफिसातून आठ दिवसांत पत्र आलं. ज्या जुन्या ड्रायव्हरांची नजर किंवा हातपाय कामाचे राहिले नाहीत, त्यांच्याबद्दल डॉक्टरसाहेबांनी आपलं मत कळवावं. विशेषतः नुकत्याच झालेल्या अपघाताबाबत. वडील ते पत्र घेऊन दोन दिवस फिरत होते. त्यांना चाचा आवडायचे, पण ते खोटं लिहिणारे नव्हते, आणि खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं.

आवारात मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"चाचा, बैलाला दोन कासरे असतेत," कंपाउंडर म्हणायचा, "तुमच्या गाडीला एकबी न्हाय. आता बैलच घ्या."

"बैल घेतो," चाचा म्हणायचे. "पर टोचायला तुला न्हाय बोलवायचा. मागल्या खेपेला बैल वाचला आन् मालक पडला."

कंपाउंडर हसायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण थोड्या वेळानं तोच म्हणाला, "तुमीच पट्ट्या ढिल्या केल्या ना? मग दट्ट्या खाली जाईल न्हाय तर काय व्हईल." 

जीप ओढून आणून लिंबाखाली उभी केली होती. सोलापूरचा मिस्त्री यायला वेळ होता. एका दुपारी चाचा आमच्या पायऱ्यांशी आले. हातात गोणपाटात गुंडाळलेलं पुस्तक होतं, जीपबरोबर आलेलं, इंग्रजीतलं, तेलानं पारदर्शक झालेल्या पानांचं.

"बेबी," ते म्हणाले, "तुला अंग्रेजी येती. ह्यात बिरेकचं काय लिवलंय, सांगती का? म्याच चुकलो असंन तर चुकलो. पर काय चुकलो ते तरी कळू दे."

मी खाली उतरले. जीपच्या पायरीवर बसून मी वाचायची आणि मराठीत सांगायची. नवल असं की तिथं मला अडखळायला झालं नाही. शब्द माझ्याकडे नव्हते तसे त्यांच्याकडेही नव्हते. मी चित्रावर बोट ठेवायची आणि ते त्या भागाचं त्यांचं नाव सांगायचे.

पुस्तकात दट्ट्याच्या दुखण्यांची यादी होती. दट्ट्या स्पंजासारखा लागत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली. पहिल्यांदा खाली जाऊन पुन्हा पुन्हा मारल्यावर वर येत असेल तर पट्ट्या ढिल्या.

"मग ढिल्याच," चाचा म्हणाले. "कंपाउंडर खरं बोलला."

"पण तुम्ही तीनदा मारला," मी म्हणाले. "वर आला नाही. मी मागून बघत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याशी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

"बस बरं वर," ते म्हणाले. "दाब. जोरात नक्को. एकसारखा वजन ठेव."

मी चप्पल काढून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पाय ठेवला. दट्ट्या थोडा खाली जाऊन अडला. मी तसंच दाबून धरलं. आणि मग तो माझ्या पायाखाली हळूहळू जायला लागला. कुठं धक्का नाही, आवाज नाही. तळ्याच्या काठच्या गाळात पाय जातो तसा, थेट तळापर्यंत. मला एकदम भीती वाटली, उभ्या गाडीत. त्या उतारावर त्यांना काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

"गेला," मी म्हणाले.

चाचा जमिनीवर आडवे होऊन एकेका चाकाच्या आत हात घालून बघत होते. नळ्या बोटांनी चाचपत होते. "कोरडं हाय. समदं कोरडं. मग जातंय कुठं?"

मी पान उलटलं. दाबून धरल्यावर दट्ट्या आपोआप तळाला जात असेल आणि बाहेर कुठं ओल नसेल, तर दोष त्या भांड्याखालच्या नळकांड्यातच आहे. आतलं रबर खराब होऊन लिक्विड त्याच्या कडेनं मागं निसटतंय. मी ते दोनदा सांगितलं. चाचा उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अपघातानंतर पहिल्यांदा काही उजळलं होतं.

"म्हंजे पाय न्हाय?"

"पाय नाही."

त्यांनी ते सगळं काढायला घेतलं. नट फिरवायचे पाने मी हातात देत होते. भांड्यातलं जे होतं ते त्यांनी आईकडून मागून घेतलेल्या जर्मनच्या वाटीत ओतलं आणि वाटी उन्हात ठेवली. मग नळकांड्यातून रबराची वाटीसारखी टोपी बाहेर काढली. ती रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती, मऊ, कडा सुटलेल्या. अंगठ्यानं दाबली तर ठसा राहिला.

"हे असं का झालं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

मी पुस्तकात ती ओळ आधीच पाहिली होती. या भांड्यात ठरलेल्या लिक्विडशिवाय दुसरं कोणतंही तेल जाऊ देऊ नये. त्यानं रबर फुगतं. ब्रेक प्रथम धरून बसतात, मग निकामी होतात. जाड अक्षरात छापलं होतं. मी त्यावर बोट ठेवून बसले होते आणि वाचत नव्हते.

चाचांनी वाटी उचलली. आमटीवर तवंग यावा तसा पिवळा थर वर तरंगत होता. त्यांनी बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"करडीचं," ते म्हणाले.

मी बोटाखालचं पान उलटलं.

"भांडं रिकामं व्हतं," ते हळूहळू म्हणाले. "खंडेनवमीला. म्या बघितलं व्हतं. डबा मिळाला न्हाय. आन् दुसऱ्या दिशी बघतो तर भरलेलं." ते थांबले. "तवाच वाटलं व्हतं, कवा भरलं म्या? याद न्हाय. म्हटलं, भरलं असंन. घरून येताना... घरात करडीच हाय आमच्या." त्यांनी वाटी खाली ठेवली. "बुढा झालो, बेबी. पाय न्हाय गेला. डोसकं गेलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्यही तयार होतं, तीनच शब्दांचं. पण त्या वाक्यात आई होती, वडील होते, मातीत गेलेली लस होती, आणि मी त्यांच्या जीपच्या पायरीवर बसून पुस्तक वाचून दाखवत होते. मी पुस्तक मिटलं आणि आई हाक मारतेय असं सांगून घरात गेले. आईनं हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाचा जीपपाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वडिलांच्या ऑफिसात गेले. आमच्या खिडकीतून ऑफिसची खिडकी दिसायची, आणि सकाळी आवार शांत असलं की बोलणं ऐकू यायचं.

"साहेब, तुम्ही ल्ह्या," चाचा म्हणत होते. "ड्रायव्हरनं चुकीचं तेल घातलं. ड्रायव्हरला याद न्हाय. ल्ह्या तसं."

"बसा आधी," वडील म्हणाले.

"बसायला वेळ लई हाय आता. आज मला इसरलं तेल. उद्या काय इसरंन, गिअर? शेजारी तुम्ही बसता. मागं लेकरं बसतेत. नक्को, साहेब."

मी आवार ओलांडून गेले. ऑफिसात मी कधी जात नसे. कंपाउंडर रजिस्टर घेऊन दारात उभा होता, तो बाजूला झाला. मी टेबलाच्या कडेकडे बघून बोलले.

"तेल मी घातलं."

वडिलांनी पेन खाली ठेवलं. "काय?"

"खंडेनवमीला. भांडं उघडं होतं. मी करडीचं तेल घातलं आणि झाकण लावलं. चाचा जेवायला गेले होते."

"तुला कुणी सांगितलं घालायला?"

 आईचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ते ठरवण्यात अर्थ नव्हता, कारण मला तरातरा आवारातून जाताना आईनं पाहिलं होतं आणि ती माझ्या मागोमाग आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती दाराबाहेरच थांबली. कंपाउंडर उगाच रजिस्टर चाळायला लागला.

"मी सांगितलं," ती बाहेरूनच म्हणाली. "रिकामं दिसलं म्हणून. मला काय माहीत, ते तेलाचं नाही म्हणून."

 मग वडील म्हणाले, "बरं झालं, इंजेक्शनच्या पिचकाऱ्यांत नाही घातलंस."

"त्यांना वरून लावलं होतं," आई म्हणाली.

कंपाउंडर हसला आणि लगेच खोकला. चाचा हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले होते. कधी बसले ते मी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे ते भांडं म्या भरलं न्हाय," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"मी भरलं. काठोकाठ. पट्टीपण मी बसवली."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आनंद होता तसा रागही होता. "दोन रात्री झोपलो न्हाय, बेबी," ते म्हणाले. "परवाच सांगायचं ना."



वडिलांनी अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं: डॉक्टरच्या घरच्या माणसांनी अजाणता सरकारी वाहनात चुकीचं तेल घातलं, ड्रायव्हरनं प्रसंगावधान राखून माणसं वाचवली, त्याचे हातपाय आणि नजर उत्तम आहे. वरून वडिलांनाच कडक शब्दांत समज आली. ती त्यांनी आईला वाचून दाखवली नाही, फाइलला लावून टाकली. चाचा नोकरीवर राहिले.

सोलापूरहून नवीन रबरं आली. मिस्त्रीला बोलवायची गरज पडली नाही. चाचांनी नळ्या स्पिरिटनं धुऊन काढल्या, आणि हवा काढायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली. ते चाकाखाली, मी वर. "दाब. धर. आता सोड. परत दाब." प्रत्येक चाकाला असं पंधरावीस वेळा. शेवटी दट्ट्या अर्ध्यावर येऊन भिंतीसारखा थांबला, आणि मी कितीही वेळ धरून बसले तरी हलला नाही.

पुढची दीड-दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर पुष्कळ फिरले. त्यांचा पाय कधी चुकला नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना आधीच माहीत असायचा.

पण त्या हिवाळ्यात एकदा, जळकोटच्या रस्त्यावर वडील एका गोठ्यात गेलेले असताना, चाचांनी मागं वळून विचारलं, "बेबी, ते करडीचं तेल तूच घातलं व्हतं ना?"

"हो, चाचा," मी म्हणाले. "मीच."

"म्या न्हाय."

"तुम्ही नाही."

त्यांचं समाधान झालं. त्यांनी बिडी शिलगावली. महिन्याभरानं पुन्हा विचारलं, तशाच आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आणि उन्हाळ्यात पुन्हा. आधी विचारलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं. मी दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायची: खंडेनवमी होती, भांडं उघडं होतं, तुम्ही जेवायला गेला होता. वडिलांना मी हे कधी बोलले नाही.